मोटारगाडीची विद्युत् घटमाला : दुर्बलता व दोषनिदान

मोटारगाडीतील संचायक विद्युत् घटमाला दुर्बल झाल्यामुळे विद्युत् यंत्रणेत निर्माण होणारे दोष ओळखणे व त्यांचे मूळ कारण निश्चित करणे, यास घटमालेचे दोषनिदान म्हणतात. व्यवहारात ही घटमाला बॅटरी या नावानेच ओळखली जाते. गाडीतील बहुतेक सर्व विद्युत् साधने या एकाच उद्‌गमावर अवलंबून असल्याने घटमालेतील दोष पुष्कळदा भलत्याच ठिकाणी प्रकट होतो. दिवे मंदावतात, एंजिन चालू होत नाही, सूचक दिवे विनाकारण पेटतात किंवा सुकाणू अचानक जड होते. अशा वेळी लक्षण जेथे दिसते तेथील भाग बदलला, तर खर्च होतो पण दोष कायम राहतो. म्हणून निदानात दोन प्रश्न प्रथमपासून वेगळे ठेवावे लागतात. घटमाला केवळ रिकामी झाली आहे की निकामी झाली आहे, हा पहिला. आणि रिकामी झाली असल्यास ती कशामुळे झाली, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न शोधता नवी घटमाला बसविल्यास तीही काही दिवसांत पहिलीच्याच वाटेने जाते.

शिसे-अम्ल प्रकारचा संचायक घट गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८५९ मध्ये तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या संयुगांचा लगदा थापलेल्या पट्ट्या वापरून त्याचे उत्पादन सुकर केले. मोटारगाडीत या घटमालेस खरे महत्त्व आले ते विद्युत् आरंभकामुळे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला आरंभक १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला आणि हाताने दांडा फिरवून एंजिन चालू करण्याचे कष्टाचे व प्रसंगी मनगट मोडणारे काम हळूहळू मागे पडले. प्रारंभी ६ व्होल्टच्या घटमाला सर्वत्र रूढ होत्या. १९५० नंतरच्या दशकात त्यांची जागा १२ व्होल्टच्या घटमालांनी घेतली. मोठ्या मालमोटारींत व बसगाड्यांत २४ व्होल्टची यंत्रणा असते. भारतातील अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत दांडा घालण्याची सोय दीर्घकाळ होती. त्यामुळे ‘सेल्फ’ चालला नाही तरी गाडी अडून राहत नसे. आजच्या गाडीत ही सोय नाही, आणि असती तरी तिचा उपयोग झाला नसता, कारण इंधनाचा पंप, अंतःक्षेपक व प्रज्वलन या सर्वांना पुरेशा विद्युत् दाबाची गरज असते.

रचना व कार्य : १२ व्होल्टच्या घटमालेत सहा घट एकसरीत जोडलेले असतात व पूर्ण भारित अवस्थेत प्रत्येक घटाचा दाब सु. २·१ व्होल्ट असतो. धन पट्टीवर शिशाचे डाय-ऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये विरल सल्फ्यूरिक अम्ल हे विद्युत् विच्छेद्य असते. विसर्जन होताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते, अम्ल खर्ची पडते व पाणी निर्माण होते. भारणाच्या वेळी याच विक्रिया उलट दिशेने घडतात. अम्लाची घनता पाहून भारणाची अवस्था कळते, ती या कारणाने.

दाबापेक्षाही निदानात महत्त्वाची राशी म्हणजे घटमालेचा अंतर्गत रोध. चांगल्या घटमालेत तो एक शतांश ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. आरंभक चलित्र लहान पेट्रोल गाडीतही १०० ते २०० अँपिअर प्रवाह घेते. डीझेल एंजिनाच्या आरंभकास याहून बराच जास्त लागतो. समजा, प्रवाह १५० अँपिअर व अंतर्गत रोध ०·०१ ओहम आहे. तर घटमालेतच १·५ व्होल्ट खर्च होऊन १२·६ पैकी ११·१ व्होल्ट बाहेर मिळतात. पट्ट्या जुन्या होऊन हाच रोध ०·०३ ओहम झाला, तर तेवढाच प्रवाह घेऊ जाता ४·५ व्होल्ट आतच नाहीसे होतात व बाहेर जेमतेम ८ व्होल्ट उरतात. उलट, पुढील दोन्ही दिवे मिळून फक्त १० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतात. त्यांच्यासाठी होणारी घट याच वाईट घटमालेत केवळ ०·३ व्होल्ट भरते व ती डोळ्यांना जाणवतही नाही. ‘दिवे तर लख्ख लागतात, मग बॅटरी खराब कशी?’ या नेहमीच्या शंकेचे उत्तर या साध्या गणितात आहे. दिवे लागणे हा घटमाला सुस्थितीत असल्याचा पुरावा नव्हे.

लक्षणे : दुर्बलतेचे पहिले लक्षण म्हणजे आरंभक रेंगाळत फिरणे. सकाळी पहिल्या वेळी हे विशेष जाणवते. त्यानंतरची पायरी म्हणजे चावी फिरविताच होणारी ‘टकटकटक’ अशी जलद आवाजांची माळ. तिचे कारण उद्‌बोधक आहे. आरंभकावरील परिनालिकेत दांडी ओढून घेणारे व ती धरून ठेवणारे अशी दोन वेटोळी असतात. दांडी ओढली जाऊन मुख्य स्पर्शक मिटले की पहिल्या वेटोळ्याचे काम थांबते व त्याच क्षणी आरंभकाचा प्रचंड प्रवाह सुरू होतो. घटमाला दुर्बल असल्यास दाब एकदम कोसळतो, धरून ठेवणाऱ्या वेटोळ्याचे बळ अपुरे पडते आणि स्प्रिंग दांडी मागे ढकलते. स्पर्शक उघडताच भार नाहीसा होऊन दाब पुन्हा वाढतो, दांडी पुन्हा ओढली जाते व हे चक्र चालू राहते. याउलट एकच ठाम ‘टक’ होऊन पुढे काहीच घडत नसेल, तर जळालेले स्पर्शक, झिजलेले कार्बन ब्रश किंवा अडकलेले चलित्र यांचा संशय अधिक घ्यावा. अजिबात आवाज नसेल, तर चावीचा स्विच, अभिचालित्र किंवा स्वयंचलित दंतचक्रपेटीच्या गाडीत गिअर दांड्याशी जोडलेला सुरक्षा स्विच तपासावा लागतो.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रक असलेल्या गाड्यांत लक्षणांचे स्वरूप अधिक फसवे झाले आहे. आरंभक फिरताना दाब फार उतरला, तर काही नियंत्रक क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतात. या खंडामुळे एकमेकांशी चाललेला त्यांचा संदेशव्यवहार तुटतो व ‘अमुक नियंत्रकाकडून संदेश नाही’ अशा नोंदी स्मृतीत साठतात. चाके आवळून न धरणारी गतिरोधक यंत्रणा, विद्युत् साहाय्यित सुकाणू, हवेच्या सुरक्षा पिशव्या यांचे सूचक दिवे एकाच वेळी पेटतात. चोरीप्रतिबंधक यंत्रणेला चावीतील संकेत वाचता येत नाही. घड्याळ मागे पडते, काचांची स्वयंचलित हालचाल विसरली जाते. परस्परांशी संबंध नसलेल्या चार-पाच यंत्रणा एकाच सकाळी बिघडल्या, तर त्या सर्व स्वतंत्रपणे बिघडण्याचा संभव फारच थोडा असतो. त्यांना समाईक असलेली गोष्ट प्रथम तपासणे शहाणपणाचे ठरते, आणि ती गोष्ट म्हणजे विद्युत् पुरवठा. अशा प्रसंगी घटमाला बाहेरील भारकाने पूर्ण भारित करावी, साठलेल्या नोंदी पुसाव्यात व गाडी काही अंतर चालवून नोंदी पुन्हा वाचाव्यात. ज्या परत येतात त्याच खऱ्या दोषांच्या समजाव्यात. हा क्रम न पाळल्यामुळे महागडे नियंत्रक विनाकारण बदलले गेल्याची उदाहरणे कार्यशाळांतून दुर्मिळ नाहीत.

परीक्षण : उपकरणे हाती घेण्यापूर्वी डोळ्यांनी पाहण्यासारखे पुष्कळ असते. अग्रांवर साचलेला पांढरट किंवा हिरवट क्षार, ढिली पकड, फुगलेली पेटी, ओलसर झाकण व उत्पादनाचा छापील महिना या गोष्टी प्रथम पाहाव्यात. कोकण व गोव्याच्या दमट, खारट हवेत अग्रांवरील क्षार विशेष वेगाने वाढतो. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने तो निघतो. मात्र हे पाणी घटांत जाऊ देता कामा नये, कारण सोडा अम्लाचा नाश करतो. अग्र व पकड यांचे पृष्ठभाग घासून चकचकीत करावेत, पकड घट्ट बसवावी व त्यानंतरच वरून व्हॅसलीन लावावे.

उपकरणाविना करता येण्यासारखी एक जुनी कसोटी आजही उपयोगी आहे. पुढील दिवे लावून चावी फिरवावी. दिवे जवळजवळ विझले, तर घटमाला दुर्बल आहे किंवा तिच्या जोडणीत रोध आहे. दिवे जराही मंद झाले नाहीत व आरंभकही फिरला नाही, तर प्रवाह आरंभकापर्यंत पोहोचतच नाही. दिवे ठळकपणे मंदावले, घटमाला भारित असल्याची खात्री आहे आणि तरीही एंजिन हलत नाही, तर चलित्र किंवा एंजिनच अडकलेले असू शकते.

व्होल्टमापकाने दाब मोजताना गाडी काही तास उभी असावी. नुकत्याच भारित झालेल्या पट्ट्यांच्या पृष्ठभागावर तात्पुरता जादा दाब असतो व तो दिशाभूल करतो. घाई असल्यास पुढील दिवे दोन-तीन मिनिटे लावून, विझवून, थोड्या वेळाने मोजमाप घ्यावे. १२·६ व्होल्ट किंवा अधिक दाब पूर्ण भारित अवस्था दर्शवितो, १२·४ म्हणजे सु. तीन चतुर्थांश, १२·२ म्हणजे सु. निम्मी आणि १२·० म्हणजे सु. एक चतुर्थांश. येथे ध्यानात घेण्याजोगे असे की, ‘बारा व्होल्टची’ घटमाला नेमके १२ व्होल्ट दाखवीत असेल, तर ती चांगली नसून जवळजवळ रिकामी आहे. वाचन १०·५ व्होल्टच्या आसपास स्थिर राहत असेल व भारणानंतरही वर जात नसेल, तर सहांपैकी एक घट आतून मिटलेला, म्हणजे लघुमंडलित झालेला असतो. पट्ट्यांवरून गळलेला पदार्थ तळाशी साचून किंवा विभाजक फाटून असे होते. याहून चकवा देणारा दोष म्हणजे दोन घटांना जोडणारी आतील शिशाची पट्टी तडकणे. तडकलेले पृष्ठभाग एकमेकांना जेमतेम टेकलेले असेपर्यंत व्होल्टमापक १२·६ दाखवितो, दिवेही लागतात. आरंभकाचा भार पडताच दाब शून्यावर येतो व थोड्या वेळाने पुन्हा पूर्ववत होतो. अशी घटमाला कोणत्याही भारणाने सुधारत नाही.

ज्या घटमालेची झाकणे उघडता येतात तिच्यातील प्रत्येक घटाचे विशिष्ट गुरुत्व घनतामापकाने स्वतंत्रपणे पाहता येते व निदानाच्या दृष्टीने हे परीक्षण सर्वांत बोलके आहे. पूर्ण भारित अवस्थेत ते १·२५ ते १·२८ असते. उष्ण प्रदेशांसाठी भरलेल्या अम्लात ते या मर्यादेच्या खालच्या टोकाकडे किंवा त्याहून थोडे कमी ठेवतात. सु. १·१२ म्हणजे विसर्जित अवस्था. वाचन २७° से. या तापमानासाठी दुरुस्त करतात : तापमान याहून जितके अंश अधिक असेल तितक्या वेळा ०·०००७ मिळवावे, कमी असल्यास वजा करावे. सर्व घटांचे गुरुत्व सारखेच उतरलेले असेल, तर घटमाला केवळ रिकामी आहे. एखाद्याच घटाचे गुरुत्व इतरांपेक्षा ०·०५ किंवा अधिक कमी असेल, तर तो घट सदोष आहे. पातळी उतरली असल्यास फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालावे. अम्ल घालून गुरुत्व वाढविण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. त्याने वाचन सुधारते, घटमाला मात्र नाही.

अखेरचा निर्णय भार परीक्षणाने होतो. भारित घटमालेतून तिच्यावर छापलेल्या थंड आरंभक्षमतेच्या निम्मा प्रवाह १५ सेकंद घेतला असता, सामान्य तापमानात दाब ९·६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. स्वतंत्र उपकरण नसल्यास गाडीचा आरंभकच भार म्हणून वापरता येतो. इंधनपुरवठा बंद करून एंजिन काही सेकंद फिरविले जाते व त्या वेळी दाब वाचला जातो. हे परीक्षण घटमाला भारित करूनच घ्यावे लागते; रिकाम्या घटमालेवर घेतल्यास चांगलीही नापास होते.

घटमाला चांगली ठरूनही आरंभक रेंगाळत असेल, तर जोडतारांतील रोध मोजावा. व्होल्टमापकाचे एक टोक घटमालेच्या धन अग्रावर, तारेच्या पकडीवर नव्हे, व दुसरे आरंभकाच्या मुख्य अग्रावर ठेवून चावी फिरवावी. वाचन सु. ०·५ व्होल्टपेक्षा अधिक आले, तर त्या मार्गात दोष आहे. ऋण अग्र व एंजिनाचा धातूचा भाग यांत ते सु. ०·२ व्होल्टपेक्षा अधिक नसावे. एंजिन व साटा यांना जोडणारी विणीची तार गंजणे किंवा दुरुस्तीनंतर ती जोडण्याचे राहून जाणे हा नेहमीचा दोष असून त्याचे खापर बहुधा घटमालेवर फुटते.

भारण यंत्रणा : जुन्या गाड्यांत एकदिश प्रवाहाचे जनित्र, म्हणजे बोलीतील डायनॅमो, असे. एंजिन मंद गतीने चालू असता ते जवळजवळ काहीच प्रवाह देत नसे. त्याच्या जागी आलेला प्रत्यावर्तक मंद गतीतही प्रवाह देतो; तो द्विप्रस्थांच्या साहाय्याने एकदिश केला जातो. एंजिन चालू असता घटमालेच्या अग्रांवर सामान्यतः १३·८ ते १४·५ व्होल्ट मिळावेत. १३ च्या खालील दाब अपुरे भारण दर्शवितो. पट्टा ढिला असणे, ब्रश झिजणे किंवा नियामक बिघडणे ही त्याची कारणे होत. १५ च्या वरील दाबाने पाणी उडून जाते, पट्ट्या करपतात व दिव्यांचे आयुष्य घटते. द्विप्रस्थांपैकी एखादा निकामी झाल्यास सरासरी दाब जवळजवळ बरोबर दिसतो, पण त्यात प्रत्यावर्ती अंश मिसळतो. प्रत्यावर्ती मापनावर ठेवलेल्या मापकाने घटमालेवर ०·५ व्होल्टपेक्षा अधिक वाचन दाखविल्यास हा दोष संभवतो.

एंजिन चालू असताना घटमालेचे अग्र काढून ‘डायनॅमो चालतो का’ ते पाहण्याची रीत जुन्या कारागिरांत होती. प्रत्यावर्तक असलेल्या गाडीत ती अत्यंत घातक आहे. घटमाला दाबातील चढउतार शोषून घेत असते. ती एकाएकी दूर होताच क्षणभर उद्‌भवणाऱ्या उच्च दाबाने द्विप्रस्थ, नियामक व नियंत्रक जळू शकतात.

अलीकडील अनेक गाड्यांत भारणाचा दाब नियंत्रक गरजेनुसार कमीजास्त करतो, त्यामुळे क्षणिक वाचन १२·८ व्होल्ट आले तरी तो दोष असेलच असे नाही. अशा गाड्यांत ऋण अग्रावर प्रवाह मोजणारा संवेदक असतो. बाहेरून बसविलेल्या साधनाची ऋण तार थेट अग्रास जोडल्यास तिच्यातून जाणारा प्रवाह संवेदकास कळत नाही व त्याचा हिशेब चुकतो. ती तार साट्यास जोडावी.

गुप्त गळती : गाडी बंद असतानाही घड्याळ, चोरीप्रतिबंधक यंत्रणा व नियंत्रकांची स्मृती थोडा प्रवाह घेतात. तो ०·०५ अँपिअरपर्यंत असल्यास सामान्य मानतात. तरीही त्या दराने दिवसाला १·२ अँपिअर-तास खर्च होतात व ३५ अँपिअर-तासांची घटमाला पंधरवड्यात निम्मी रिकामी होते. मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत जागच्या जागी उभ्या राहिलेल्या असंख्य गाड्या निर्दोष असूनही चालू झाल्या नाहीत, त्या यामुळेच. डिकीतील न विझलेला छोटा दिवा किंवा चुकीने जोडलेला संगीतसंच यांमुळे गळती ०·५ अँपिअर झाली, तर तीच घटमाला तीन दिवसांत संपते.

गळती मोजण्यासाठी ऋण अग्र सोडवून तेथे अँपिअरमापक एकसरीत जोडतात. सर्व नियंत्रक निद्रावस्थेत जाण्यास काही मिनिटांपासून तासापर्यंत वेळ लागतो. तोपर्यंतचे वाचन ग्राह्य नसते. मापक जोडलेला असताना चावी फिरवू नये, अन्यथा मापक जळतो. नंतर एकेक वितळतार काढून प्रवाह कोणत्या क्षणी उतरतो ते पाहिले की दोषी मंडल सापडते. सर्व वितळतारा काढूनही प्रवाह उतरत नसेल, तर प्रत्यावर्तकाची तार सोडवून पाहावी. ती घटमालेस जवळजवळ थेट जोडलेली असल्याने गळका द्विप्रस्थ नेहमीच्या वितळतारांच्या तपासणीतून निसटतो.

हवामान व वापर : थंडीत घटमाला बंद पडते, पण तिचे आयुष्य संपविते ती उष्णता. तापमान १०° से.ने वाढल्यास रासायनिक विक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो व त्यासोबत धन पट्टीच्या जाळीचे क्षरणही वाढते. विदर्भाच्या उन्हाळ्यात खंगलेली घटमाला पहिल्या थंडीत उघडी पडते, असा अनुभव येतो. लेहसारख्या ठिकाणी प्रश्न वेगळा आहे. विसर्जित घटातील पाणचट अम्ल सु. −८° से. तापमानास गोठून पेटी फोडू शकते; पूर्ण भारित घटातील अम्ल −५०° से.लाही गोठत नाही. मुंबई-पुण्याच्या पावसाळी वाहतुकीत दिवे, काचपुसणी, वातानुकूलनाचा पंखा व रेडिएटरचा पंखा मिळून ३० ते ४० अँपिअर प्रवाह घेतात आणि गाडी मुंगीच्या गतीने सरकत असता प्रत्यावर्तक तेवढा देऊ शकेलच असे नाही. तूट घटमालेतून भरली जाते. रोजचा प्रवास दोन-तीन किमी.चाच असेल, तर आरंभकाने घेतलेला प्रवाहही परत मिळत नाही. अशी अर्धभारित घटमाला आठवडेच्या आठवडे तशीच राहिल्यास लेड सल्फेटाचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि पुढे भारणास दाद देत नाहीत. रिकामी घटमाला निकामी होते ती या सल्फेटीभवनाने. पूर्ण विसर्जित घटमाला धावत्या गाडीतील प्रत्यावर्तकावर न सोपविता बाहेरील भारकाने, क्षमतेच्या सु. एक दशांश प्रवाहाने, दहा-बारा तास भारित करावी.

दुसऱ्या गाडीच्या घटमालेची मदत घेताना प्रथम दोन्ही धन अग्रे जोडावीत, मग मदत देणाऱ्या घटमालेचे ऋण अग्र, आणि शेवटची जोडणी बंद गाडीच्या घटमालेवर न करता तिच्यापासून दूर, एंजिनाच्या उघड्या धातूवर करावी. शेवटच्या जोडणीत ठिणगी पडतेच. घटमालेतून निघणारा हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात मिसळला असता स्फोटक असतो व स्फोटात उडणारे अम्ल डोळे घालवू शकते. अग्रे उलटी जोडल्यास प्रत्यावर्तकातील द्विप्रस्थ तत्क्षणी जळतात. धक्का मारून गाडी चालू करणे कार्ब्युरेटरच्या काळात निर्धोक होते. आता न जळलेले पेट्रोल निष्कास नळीतील उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन पेटल्यास तो खराब होतो.

पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांतही १२ व्होल्टची छोटी साहाय्यक घटमाला असते. मुख्य घटमालेला चलित्राशी जोडणारे मोठे स्पर्शक व सर्व नियंत्रक तिच्यावर चालतात. ती दुर्बल झाल्यास शेकडो व्होल्टची मुख्य घटमाला काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. येथे आरंभक नसल्याने रेंगाळण्याची पूर्वसूचनाही मिळत नाही, म्हणून तिचा दाब ठराविक काळाने मोजणे हाच उपाय राहतो.

निकामी घटमालेतील शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, पण ते व त्यासोबतचे अम्ल विषारी आहेत. भारतात जुन्या घटमालांच्या परतीसाठी २००१ मध्ये नियम करण्यात आले. त्यांची जागा २०२२ च्या घटमाला अपशिष्ट व्यवस्थापन नियमांनी घेतली. जुनी घटमाला विक्रेत्याकडे परत करावी. अम्ल गटारात किंवा जमिनीवर ओतून पेटी भंगारात देऊ नये.